लीळाचरित्रातील स्मृतिसंभार

लीळाचरित्राचा गौरव मराठी समीक्षेत पुष्कळ झाला आहे. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ, पहिले चरित्र, यादवकालीन समाजजीवनाचा आरसा, बोलभाषेची खाण ही त्याची वर्णने आता शालेय पुस्तकांपर्यंत पोचली आहेत. परंतु ह्याच ग्रंथाविषयी एक तक्रारही, बहुधा दबक्या आवाजात, होत आलेली आहे. ग्रंथात निवड नाही, असे तिचे स्वरूप. स्वामींनी ब्रह्मविद्येचे निरूपण केले त्या लीळेशेजारीच स्वामी कोणत्या देवळाच्या पटांगणात बसले, आरोगणेला काय होते, कोण रुसले, कोणाची समजूत काढावी लागली, ह्यांच्या लीळा येतात, आणि दोहोंना ग्रंथकार सारख्याच गांभीर्याने जागा देतो. हजाराहून अधिक लीळांचा हा पसारा ओळीने वाचू लागलेला वाचक शंभराव्या लीळेच्या आसपास थकतो, ही गोष्ट अभ्यासकांनी मान्य करावयास हरकत नाही. पदवीपरीक्षांसाठी नेमलेल्या वेच्यांनी त्याची ही अडचण दूर केली खरी. पण वेचे वाचून लीळाचरित्र वाचले असे समजणारे वाचकही त्यांनीच निर्माण केले.

ह्या तक्रारीला सामान्यतः दोन उत्तरे देण्यात येतात. पहिले इतिहासाभ्यासकाचे. ह्या बारीकसारीक तपशिलांतूनच तेराव्या शतकातील अन्न, वस्त्र, घरे, वाटा, बाजार आणि जातीजातींचे परस्परव्यवहार कळतात, म्हणून पसारा क्षम्य आहे, असे तो म्हणतो. दुसरे उत्तर वाङ्मयेतिहासकाराचे. गद्य त्या वेळी बाल्यावस्थेत होते, रचनेची जाण अद्यापि यावयाची होती, असे त्याचे समर्थन. दोन्ही उत्तरे ग्रंथाच्या कैवाराने दिलेली असली तरी ग्रंथाला न्याय देत नाहीत. पहिले उत्तर आजच्या गरजेवरून ग्रंथाचे मोल ठरविते. म्हाइंभटाने यादवकालीन खाद्यपदार्थांची नोंद व्हावी म्हणून लेखणी हाती घेतली नव्हती. दुसरे तर वस्तुस्थितीला सोडून आहे. म्हाइंभट हा शास्त्रांत मुरलेला पंडित होता. वाद करावा ह्याच हेतूने तो प्रथम स्वामींकडे आला. सूत्र कशाला म्हणतात, संक्षेप कसा करतात, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. ज्याला निवड करता येत होती त्याने ती केली नाही, एवढेच विधान पुराव्याला धरून करता येते. मग ती त्याने का केली नाही, आणि साठलेल्या स्मृतींच्या त्या राशीसह एका समाजाने आपले रोजचे दिवस कसे काढले, हा समीक्षेचा खरा प्रश्न उरतो.

चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनाचा काळ इ. स. १२७४ च्या सुमाराचा मानला जातो. स्वामींनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नव्हता. मागे राहिलेले शिष्य नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या, भोवती ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमले. गेलेल्या स्वामींचे स्मरण करणे हा त्यांच्या आचाराचा गाभा होता, आणि ते नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा अशा चार अंगांनी करावयाचे होते. भटोबासांच्या मुखातून होणारे हे स्मरण ऐकूनच लीळा लिहून ठेवण्याची कल्पना म्हाइंभटाच्या मनात आली. शके १२०० (इ. स. १२७८) हा ग्रंथरचनेचा काळ सामान्यतः देण्यात येतो. ज्या शिष्याला जे आठवत असेल ते त्याच्याकडे जाऊन विचारावयाचे, आणि जमलेले सर्व भटोबासांकडून पडताळून घ्यावयाचे, अशी त्याची पद्धत होती. सांगणारांत महदाइसेसारख्या चौकस स्त्रिया होत्या ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. स्वामींना प्रश्न विचारून विचारून बोलते करणाऱ्या ह्या स्त्रियांच्या स्मरणशक्तीवाचून ग्रंथाचा मोठा भाग अस्तित्वात आलाच नसता.

म्हाइंभटाची बॉस्वेलशी तुलना करण्याचा मोह मराठी टीकाकारांना वारंवार झालेला आहे. ती तुलना एका मर्यादेपुढे जात नाही. बॉस्वेलने १७९१ मध्ये जॉन्सनचे चरित्र प्रसिद्ध केले ते प्रामुख्याने स्वतःच्या सहवासाच्या बळावर. जॉन्सनला डिवचून बोलावयास लावणारा बॉस्वेल हे त्या चरित्रातील एक प्रमुख पात्रच आहे. म्हाइंभट बहुतेक लीळांचा साक्षीदार नाही. ‘एकांक’ नावाने ओळखला जाणारा आरंभीचा भाग तर स्वामी एकाकी हिंडत होते त्या काळाचा; त्या लीळांना शिष्यांपैकी कोणीच साक्षी नव्हते. स्वामींनी पुढे प्रसंगोपात्त सांगितले, ते कोणी ऐकले, ऐकणाराने लक्षात ठेविले, आणि मग ते म्हाइंभटापर्यंत आले. म्हणजे येथे आठवणीची आठवण आहे. अशा संग्राहकाचे साम्य बॉस्वेलपेक्षा हदीस गोळा करणाऱ्या मुसलमान विद्वानांशी अधिक जुळते. काय सांगितले ह्याइतकेच कोणी सांगितले हेही त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

निवड न करण्याचे कारण ह्या संग्राहकाच्या श्रद्धेत आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात परमेश्वर अवतार धारण करतो, आणि अवताराची प्रत्येक क्रिया ही लीळा होय. त्याचे निरूपण लीळा, त्याचे चालणे लीळा, त्याचा पहुडही लीळाच. ह्यांतील थोर कोणती आणि क्षुल्लक कोणती हे ठरविण्याचा अधिकार जीवाला कोठून आला? आज निरर्थक वाटणारी चेष्टा उद्या एखाद्या साधकाला स्मरणाचा आधार होणार नाही असे कोण सांगू शकेल? शिवाय, स्मरणाची जी चार अंगे सांगितली आहेत त्यांपैकी मूर्ती आणि चेष्टा ह्यांना तपशीलच लागतो. ‘स्वामी बसले’ एवढ्याने डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. कोणत्या खांबाशी, कोणीकडे मुख करून, कोणता पाय मुडपून, हे सांगितले म्हणजे ध्यानाला वस्तू मिळते. टीकाकाराला जो पाल्हाळ वाटतो तो साधकाच्या रोजच्या उपयोगाचा माल आहे.

ह्या अनिवडीचा एक लाभ मात्र संप्रदायाबाहेरच्या मराठी माणसालाही मिळाला. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही पाळण्यापासून ऐकलेली गोष्ट लीळाचरित्रात थोड्या वेगळ्या रूपात आढळते; स्वामींनी ती एका लहान लेकरासाठी सांगितली आहे. निवडक उपदेशांचा संग्रह करणाऱ्या कोणत्याही जबाबदार चरित्रकाराने ती गाळली असती. तिच्यात ना ज्ञान, ना वैराग्य. म्हाइंभटाने ती ठेविली, म्हणून पाऊस आणि दार न उघडणारी पाखरी सातशेहून अधिक वर्षांपूर्वीही मराठी मुलांना ठाऊक होती हे कळते.

परंतु साठविणे वेगळे आणि साठविलेल्यासह जगणे वेगळे. नित्य अटन, विजन आणि भिक्षा ह्यांत ज्याचा दिवस जावयाचा, पोथ्यांचे ओझे बाळगणे ज्याच्या आचाराला मानवणारे नाही, त्या भिक्षूने हजार लीळांचे करावयाचे काय? प्रश्न व्यवहाराचा होता. कोठे राहावे, कोणाचे अन्न घ्यावे, कोणत्या गावी किती दिवस थांबावे, ह्यांविषयी रोज शंका उत्पन्न होत, आणि उत्तर त्या राशीत कोठेतरी होतेच. पण वेळेवर सापडेल तर उपयोग. पहिल्या पिढीत भटोबास होते तोवर विचारावयास माणूस होता. माणूस गेल्यावर राशीतून वाट काढण्याची सोय करावी लागणार होती. महानुभावांचे प्रारंभीचे बरेचसे गद्य ह्या सोयीतून जन्मले आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासांत पुरेशा स्पष्टपणे मांडली गेलेली नाही. तेथे प्रत्येक ग्रंथाचे स्वतंत्र परिच्छेदात वर्णन होते, आणि ते एकाच गरजेचे निरनिराळे परिणाम आहेत हे नजरेआड होते.

ह्या कामातील प्रमुख पुरुष केशिराजबास, संप्रदायाचे केसोबास. त्यांनी लीळांतून स्वामींची वचने तेवढी वेगळी काढली आणि त्यांचा सूत्रपाठ सिद्ध केला. आचाराची वचने एकीकडे, विचाराची दुसरीकडे, आणि त्यांच्या मालिका, अशी त्यांची विभागणी आहे. दृष्टान्तपाठात त्यांनी स्वामींचे ११४ दृष्टान्त निवडले, आणि प्रत्येकाला आधी सूत्र व शेवटी दार्ष्टान्तिक जोडून त्याचा अर्थ पक्का केला. संस्कृत रत्नमालास्तोत्रात लीळांची जणू माळ ओवली. पाठ करणाराला एकेका श्लोकावरून लीळा आठवावी. हे काम विलक्षण बुद्धीचे आहे, ह्यात शंका नाही. तथापि त्याने काय साधले त्याबरोबर काय गमावले हेही पाहिले पाहिजे.

कानडी आणि तेलंगी मुलुखात जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, हे सूत्र उदाहरणार्थ घेता येईल. सुटे वाचले म्हणजे तो देशाभिमानाचा उद्गार वाटतो, आणि व्यासपीठांवरून तो तसा वापरलाही गेला आहे. वस्तुतः त्या देशांत विषयांची रेलचेल आहे, साधूला तेथे मान मिळतो, आणि मानाने साधक बिघडतो, ह्या भूमिकेतून दिलेला तो आचारविषयक निर्बंध आहे. महाराष्ट्राची थोरवी येथे भौगोलिक नाही. साधकाला तेथे कोणी फारसे विचारणार नाही, हीच ती थोरवी! वचन प्रसंगापासून तोडले की त्याला धार येते आणि ते लक्षात राहते. मात्र ते कोणाला, कशासाठी सांगितले हे मागे पडते. ही उणीव संप्रदायालाही लवकरच जाणवली असली पाहिजे. एरव्ही कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले ते सांगणाऱ्या ‘प्रकरणवश’ ह्या स्वतंत्र वाङ्मयाची गरज पडली नसती. लीळांतून सूत्रे काढली, आणि सूत्रे कळण्यासाठी पुन्हा लीळांकडे जाणारी वाट बांधली. पुढे त्यांवर लक्षणे, बंद, भाष्ये चढत गेली, आणि पसारा कमी करण्यासाठी आरंभिलेल्या कामाने स्वतःच दुसरा पसारा घातला. उत्तरकालीन भाष्यवाङ्मयाची रुक्षता अनेकांनी दाखविली आहे. तिचे मूळ मात्र भाष्यकारांच्या अरसिकतेत शोधण्याऐवजी ह्या वाढत गेलेल्या ओझ्यात शोधणे युक्त होईल.

केसोबासांची ओढ संस्कृताकडे होती. भटोबासांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले, कारण संस्कृतात लिहिल्याने आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील, अशी कथा स्मृतिस्थळात आहे आणि ती मराठीच्या अभिमानाची म्हणून सर्वतोमुखी झाली आहे. वस्तुतः येथे भाषाभिमानापेक्षा न्यायाचा भाग अधिक आहे. ज्या बायकांनी लीळा आठवून सांगितल्या, त्यांच्याच हाती ती ठेव पुन्हा पडू नये, हे भटोबासांना सहन होण्यासारखे नव्हते. चौदाव्या शतकात रवळोबासांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या सकळ लिपीत हेच ग्रंथ उतरविले जाऊ लागले आणि संप्रदायाबाहेरील जगाला ते कित्येक शतके बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली तेव्हा कोठे मराठी वाचकाला ह्या वाङ्मयाची ओळख झाली. आक्रमणाच्या भयाने असो वा पाठाच्या शुद्धतेसाठी असो, लिपी बंद करणे समजण्यासारखे आहे. पण म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारणाऱ्या आचार्याच्या पंथात हे घडावे, ह्यातील विसंगतीकडे समीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही.

ह्या सर्व सोयींत सर्वांत यशस्वी ठरली ती ग्रंथांत न मावणारी सोय. स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, निजले, त्या त्या जागी पुढे ओटे बांधण्यात आले. मुनि व्यास कोठी यांच्या नावावरील स्थानपोथीत अशा स्थानांची गाववार नोंद आहे. कोणते दार कोणत्या दिशेचे, पटिशाळा कोणीकडे, आसन कोठे, मादने म्हणजे स्नान कोठे झाले, परिश्रय म्हणजे लघुशंका कोठे झाली, हे सर्व त्यात येते. ह्यांतील शेवटच्या नोंदीवर हसणारे वाचक भेटतात. परंतु सर्व क्रिया लीळा आहेत हे एकदा मान्य केल्यावर ही नोंद गाळणे हाच अप्रामाणिकपणा झाला असता, आणि स्थानपोथीकार प्रामाणिक आहे. गोदातीरावरील वा वऱ्हाडातील एखाद्या गावात आजही महानुभाव स्त्रीपुरुष ओट्याला कपाळ टेकतात तेव्हा त्यांनी सूत्रपाठ वाचलेला असतोच असे नाही. पण येथे स्वामी बसले होते, एवढी लीळा त्यांना ठाऊक असते. हजार लीळांचे ओझे एका डोक्यात राहू शकत नाही. ते वाटांवर, गावांवर, नदीच्या काठांवर वाटून दिले म्हणजे चालणाराला जेवढी हवी तेवढीच, आणि हवी त्या ठिकाणी, मिळते. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने संप्रदायाने वंदनीय मानली. स्वामींचा स्पर्श झालेली जागा, स्पर्श झालेली वस्तू, संन्यस्त माणूस आणि गृहस्थ भक्त, असा त्यांचा क्रम. ह्या चौघांतही पोथी नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पोथीवरचा हा अविश्वास अनुभवाने सार्थ ठरला. यादवांच्या राज्यावर दिल्लीची आक्रमणे झाली त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ पाठ होता, अथवा जेवढा पाठ होता, त्यांच्याकडून तो पुन्हा जमविण्यात आला. ह्यांत हिराइसेचे नाव अग्रगण्य आहे. तिचा पाठ पुढे प्रमाणभूत पाठांपैकी एक झाला. परशरामबास, रामेश्वरबास ह्यांचेही पाठ आहेत. ह्या पाठांत जेथे भेद पडला तेथे तो मिटविण्याचा प्रयत्न न करता ‘वासना’ म्हणून तो शेजारी लिहून ठेवण्यात आला. स्थळ हे की ते, प्रश्न विचारणारी व्यक्ती ही की ती, स्वामींचा शब्द हा की तो, असे भेद हस्तलिखितांत सर्वत्र विखुरलेले आहेत.

वासना हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पूर्वानुभवाने चित्तावर राहिलेला संस्कार असा त्याचा दर्शनांतील अर्थ. येथे तो पाठभेदाला दिला आहे. म्हणजे चुकीचा शब्द अथवा लेखकाचा प्रमाद असे त्याकडे पाहिलेलेच नाही. एका घटनेने अनेक चित्तांवर उमटविलेले ते निरनिराळे ठसे आहेत, आणि सर्वच जपून ठेवावयाचे आहेत. दृष्टान्तपाठात जन्मांध माणसांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. तो सांगणाऱ्या गुरूच्या चरित्राविषयी शिष्यांनी अशी सावधगिरी बाळगावी ह्यात एक आंतरिक सुसंगती आहे. कोणी शेपूट धरले, कोणी कान. हिराइसेचे हे, रामेश्वरबासांचे ते.

येथे आधुनिक संपादकाची अडचण सुरू होते. ह. ना. नेने यांनी १९३६ पासूनच्या काळात ग्रंथ भागशः छापून अभ्यासाचा पाया घातला, शं. गो. तुळपुळे यांनी १९६० नंतरच्या दशकात तो सटीप सिद्ध केला; वि. भि. कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ह्या तिघांच्या परिश्रमांचे ऋण न मानता लीळाचरित्रावर कोणालाही लिहिता येणार नाही. परंतु पाश्चात्त्य ग्रंथसंपादनशास्त्रातून आलेली मूळ पाठाची कल्पना ह्या ग्रंथाला कितपत लागू पडते, हा प्रश्न त्यांच्या आवृत्त्यांनंतरही शिल्लक राहतो. त्या शास्त्रात अनेक प्रतींवरून एका आदिप्रतीकडे जावयाचे असते. येथे आदिप्रत गेली, आणि तिच्या आधी जे होते ते अनेक माणसांचे स्मरण होते. वासना खाली टिपांत ढकलून वर एक पाठ छापणे हे वाचकाच्या सोयीचे आहे. पण त्यामुळे परंपरेने एका पातळीवर ठेवलेल्या साक्षी वर आणि खाली होतात, आणि वरची ती खरी असे वाचक नकळत धरून चालतो. कोलते यांच्या आवृत्तीवर संप्रदायातून आक्षेप घेतले गेले ते प्रामुख्याने श्रद्धेच्या अंगाने. त्यांचा विचार येथे अप्रस्तुत असला, तरी ज्यांच्या रोजच्या आचाराला ह्या स्मृती चालवितात त्यांना ग्रंथ छापण्याची क्रिया उदासीनपणे पाहता येणार नाही, एवढे तरी त्या आक्षेपांवरून ध्यानात यावे.

बोर्खेस ह्या आर्जेंटिनाच्या लेखकाची १९४२ मधील एक कथा प्रसिद्ध आहे. घोड्यावरून पडल्यावर फुनेस नावाच्या तरुणाला काहीच विसरता येईनासे होते. गेलेला एक दिवस पूर्णपणे आठवावयाचा तर त्याला एक पूर्ण दिवस लागतो, आणि प्रत्येक वस्तू वेगळी दिसत असल्यामुळे विचार करणे त्याला जवळजवळ अशक्य होते. विपुल स्मृती आणि जगणे ह्यांचा विरोध दाखविताना तिचा दाखला हमखास दिला जातो. लीळाचरित्राची स्थिती वेगळी आहे. फुनेस एकटा आहे आणि अंधाऱ्या खोलीत पडलेला आहे. त्याच्या आठवणींना विचारणारा, पडताळणारा, वाटून घेणारा कोणी नाही. ऋद्धिपुरात आठवण सांगणारी बाई होती, लिहून घेणारा पंडित होता, मान डोलावणारा वा हरकत घेणारा आचार्य होता, आणि ऐकून उद्या तसे वागावयास निघणारा भिक्षू होता. खिशातील दूरध्वनीत हजारो छायाचित्रे साठविणाऱ्या आणि ती पुन्हा क्वचितच पाहणाऱ्या आजच्या माणसाचे साम्य ह्या दोहोंपैकी कोणाशी अधिक आहे, ह्याचा निर्णय करणे कठीण नाही. त्याच्यापाशी सामग्री म्हाइंभटाहून अफाट आहे. नित्य स्मरणाची वेळ तेवढी नाही.

म्हाइंभटावर निवडीच्या अभावाचा दोष ठेवणारे टीकाकार नकळत लीळाचरित्राकडून सूत्रपाठाची अपेक्षा करतात. तो ग्रंथ केसोबासांनी लिहिला आहे आणि तो उपलब्ध आहे. दोहोंचे तुलनात्मक वाचन, सूत्र आणि त्याची लीळा समोरासमोर ठेवून, अजून पुरेसे झालेले नाही. वासनांचे वर्गीकरण तर दूरच राहिले. कोणत्या प्रकारच्या गोष्टींत साक्षीदारांचे एकमत होते आणि कोणत्या गोष्टींत ते फुटतात, स्थळांविषयी अधिक की शब्दांविषयी, स्त्रियांच्या कथनात कोणते तपशील टिकतात, हे पाहिल्यास तेराव्या शतकातील मराठी माणसाची स्मरणपद्धती कशी होती ह्यावर प्रकाश पडण्यासारखा आहे. त्याचा आरंभ ‘अज्ञात लीळां’पासून करता येईल. ज्या लीळांचे स्थळ अथवा क्रम निश्चित करता आला नाही त्या ह्या नावाखाली वेगळ्या नोंदविलेल्या आढळतात. कोणाला तरी त्या आठवत होत्या, कोठे घडल्या हे मात्र सांगता येत नव्हते, आणि तरीही त्या टाकून देण्यात आल्या नाहीत.